जुळलेली तेरीज

हिशेब मला गंगाधरअप्पांनी शिकवला. धारूरच्या बाजारात एका आडत दुकानाचे ते मुनीम होते. दुकानात शिरलं की आधी तुरीचा आणि गोणपाटाचा वास यायचा, मग तराजूच्या साखळ्यांचा आवाज, आणि डोळे आतल्या अंधाराला सरावले की गादीवर मांडी घालून बसलेले अप्पा दिसायचे, कपाळावर भस्माचे पट्टे, कानावर टाक. मला मॅट्रिकला गणितात बरे मार्क पडले होते, त्यामुळे जमाखर्चात शिकण्यासारखं काय असणार, अशा तोऱ्यात मी गेलो होतो. अप्पांनी विचारलं, मी तुला चहा पाजला, पैसे गल्ल्यातून दिले, तर काय लिहिशील? मी म्हणालो, चहाचा खर्च. अप्पा हसले नाहीत.

"पैसा एका घरातनं निघतो तवा दुसऱ्या घरात शिरतो," ते म्हणाले. "दोन्ही दारं लिवायची. एकच दार लिवलं तर तो हिशेब न्हाई, गप्पा हायत."

त्या पावसाळ्यात मी घाट चढून रोज त्यांच्याकडे जात असे. घडलं तसं रोजच्या रोज किर्दीत लिहायचं, किर्दीतून ज्याचं त्याचं खातं काढून खतावणीत उतरवायचं, आणि शेवटी सगळ्या खात्यांची नावे बाजू एकीकडे, जमा बाजू दुसरीकडे मांडून बेरजा करायच्या. ही तेरीज. दोन्ही बेरजा सारख्या आल्या पाहिजेत. नाही आल्या तर अप्पांच्या युक्त्या होत्या. फरकाचा निम्मा करून तो आकडा कुठे दिसतो का बघ, दिसला तर तो चुकीच्या बाजूला पडलाय. फरकाला नऊने भाग जातोय का बघ, जात असेल तर कुठेतरी आकड्यांची उलटापालट झालीय. मला या युक्त्यांचं वेड लागलं. तेरीज जुळली की अंगातून जो गारवा जायचा, तसा मला देवळातसुद्धा कधी वाटला नाही. आजही कुणी मला हिशेबाचा गुण असलेला माणूस म्हणतं तेव्हा मला तो गारवा आठवतो, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी आठवतं, ते इथे लिहायचं आहे.

आबा, म्हणजे माझे वडील, ऊसतोडीचे मुकादम होते. आमच्या भागातली निम्मी गावं दसऱ्यानंतर रिकामी होतात, तसं आमचंही व्हायचं. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे कोयता म्हणतात. आबांच्या टोळीत गावातले आणि आसपासच्या वस्त्यांवरचे कोयते असत. कारखान्याकडून पैसे उचलून आबा प्रत्येक कोयत्याला आगाऊ उचल द्यायचे, आणि हंगामात जेवढी तोड होईल तेवढी ती फिटत जायची. हंगामानंतर ज्याची उचल फिटली तो मोकळा. ज्याच्याकडे बाकी राहिली त्याला पुढच्या साली पुन्हा जावंच लागे.

आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सगळा हिशेब डोक्यात. हंगाम संपला, कारखान्याचं शेवटचं बिल आलं की टोळी आमच्या अंगणात बसायची. आधी प्रत्येक जोडीने आपापला हिशेब तोंडाने बोलायचा, काय उचललं, किती दिवस तोडलं, मधे काय घेतलं. मग आबा आपला बोलायचे. दोन्हींत फरक पडला की हुज्जत व्हायची, गड्यांपेक्षा बायका जास्त बोलायच्या, चिडाचिड व्हायची, मग कुणीतरी दोन पावलं मागं सरायचं. दिवसभर ते चालायचं. माय चुलीवर येसराची आमटी चढवून बसायची, तिखटाचा ठसका अंगणभर जायचा, आणि हिशेब संपला की भांडलेली माणसं एकाच पंगतीत भाकरी चुरायची. मला त्या हुज्जतीची लाज वाटायची. शिकलेल्या पोराच्या घरी असा बाजार भरावा हे मला बघवत नव्हतं. मीच आबांना म्हणालो, या साली मी लिहून काढतो, तुम्ही नुसतं बसा, मी वाचतो. आबांनी गावभर सांगितलं. त्यांचा अभिमान मी पाहत होतो.

आबांच्या टोळीत एक रीत होती, ती दुसरीकडे फारशी नसायची. कारखान्याचं बिल सगळ्या टोळीचं मिळून यायचं आणि आबा ते हजेरीप्रमाणे कोयत्यांत वाटायचे. जी जोडी उसाच्या फडात आली नाही, तिचा त्या दिवसाचा वाटा कापला जायचा, त्याला खाडा म्हणत. पण बाई फडावर बाळंत झाली तर ते दिवस सोडायचे, खाडा धरायचे नाहीत. त्या जोडीला तिचा वाटा मिळायचा. तो कुठून यायचा हे कुणी विचारत नसे. आबांच्या कमिशनमधून जात असणार. पण तो असा वेगळा काढून त्यांनीही कधी पाहिला नव्हता.

त्या हंगामात रुक्मीण फडावर बाळंत झाली होती. तिचा नवरा भानुदास आमच्याच गल्लीतला, उंच, मान खाली घालून बोलणारा. रुक्मिणीची आई सोजर तिच्याजवळच राहायची. तिला दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. त्या हंगामात तिला शेजारपाजारच्या जिवावर सोडून दोघं गेले होते, आणि परत आले तेव्हा म्हातारी वाळून काटकी झाली होती. या साली उचल फिटते आहे, आता आम्ही जाणार नाही, असं रुक्मीण पावसाळाभर सगळ्यांना सांगत होती. भानुदासने कुणाचंतरी रान बटाईने बोलूनही ठेवलं होतं. त्यांचं राहणं त्या एका आकड्यावर होतं, हे मला चांगलं माहीत होतं.

श्रावण लागला तसे अप्पा कपिलधारच्या देवस्थानाला गेले. महिनाभर ते तिथेच राहायचे. जाताना म्हणाले की अजून काही खाती समजावायची राहिलीत, आल्यावर बघू, तोवर घाई करू नको. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हिशेब, असं आबांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, आणि मला वाटत होतं की माझं शिकून झालंय.

मी सोप्यात बसून सगळं मांडलं. आबा शेजारी बसून सांगत गेले, मी लिहीत गेलो. रुक्मिणीचे बाळंतपणाचे दिवस मी रीतीप्रमाणे भरून धरले. तेरीज काढली. जुळली नाही. कोयत्यांच्या नावावर वाटलेली रक्कम बिलापेक्षा जास्त भरत होती.

फरकाचा निम्मा केला, सापडला नाही. नऊने भाग दिला, जाईना. सगळ्या बेरजा पुन्हा केल्या. बाहेर पिठाच्या गिरणीचं इंजिन ठकठक करत होतं, त्या ठोक्यावर मी आकडे मोजू लागलो आणि चुकू लागलो. माय भाकरी पुढ्यात ठेवून जायची, ती तशीच वाळायची. आबा येता-जाता दारात थांबायचे. तेरीज हा शब्द त्यांनी माझ्याकडूनच उचलला होता. "जुळली का रं?" एवढंच विचारायचे. पोळा उद्यावर आला. बैलांची शिंगं रंगवत बसलेली पोरं अंगणात ओरडत होती आणि माझ्या हाताला घाम सुटत होता, कागदावर बोटांचे डाग पडत होते.

मग ते दिसलं. फरक होता तो बरोबर रुक्मिणीच्या बाळंतपणाच्या दिवसांचा. मी तिला वाटा दिला होता, पण तो कुठल्या घरातून निघाला, ते दुसरं दार मी लिहिलं नव्हतं, कारण ते मला माहीत नव्हतं. ज्याचे पैसे कुणी दिले नाहीत आणि कुणाकडून मागायचेही नाहीत, त्याचं खातं कुठलं? अप्पा कपिलधारला. आबांना विचारायला हवं होतं. पण आबांना विचारायचं म्हणजे मला येत नाही हे कबूल करायचं, आणि ते म्हणणार, जाऊ दे, आपलं तोंडीच बरं. मी ते दिवस खोडले आणि खाडा लिहिलं. बेरजा केल्या. दोन्ही बाजू पैशाला पैसा जुळल्या. अंगातून तो गारवा गेला. खरं सांगतो, त्या क्षणी रुक्मीण माझ्या मनातसुद्धा नव्हती.

आबा आत आले. जुळल्याचं ऐकून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग जाता जाता वळून म्हणाले, "नाम्या, भान्याच्या बाईचे दिस सोडलेस ना?"

"सोडलेत," मी म्हणालो.

त्या शब्दावर माझ्या वडिलांचं सगळं पुढचं आयुष्य गेलं, म्हणून तो इथे जसाच्या तसा लिहिला आहे.

हिशेबाच्या दिवशी अंगण गप्प होतं. मी वाचत होतो, लोक ऐकत होते. कुणी आपला हिशेब आधी बोललं नाही, बोलायचा नव्हताच. दगडू म्हणून एक थट्टेखोर गडी होता, तो म्हणाला, "मुकादमाचं तोंड आता कागदाला लागलं, आपल्या बायकांना मुकं व्हावं लागंल, घरात तेवढीच शांती." सगळे हसले. मी भानुदासचं खातं वाचलं. बाकी निघाली. फार नाही, पण बाकी. रुक्मीण दाराच्या चौकटीशी लेकरू घेऊन उभी होती, ती नवऱ्याकडे बघू लागली. भानुदास मान खाली घालूनच म्हणाला, "आबा, हिचे बाळंतपनाचे दिस धरलेत का त्यात?"

आबा लगेच म्हणाले, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सोडलेत रं. माझ्या लेकरानं पयलं तेच सोडलं."

मी कागद मांडीवर टेकवला. भानुदासने मान हलवली. "लिवलंय म्हंजे खरंच आसंल," तो म्हणाला. आधीच्या सालांसारखं रुक्मीण तोंडाने आपला हिशेब बोलली असती तर तिथल्या तिथे निकाल लागला असता. तिला एकेक दिवस पाठ होता. पण तिच्यापुढे आता आबा नव्हते, कागद होता, आणि कागदाशी हुज्जत कशी घालायची हे आमच्याकडे कुणालाच ठाऊक नव्हतं. पंगत बसली. माय वाढत होती. भानुदासने आमटी दोनदा मागून घेतली, बाकी निघालेल्या माणसाने तोंड पाडून जेवू नये म्हणून. रुक्मीण लेकरू रडतंय म्हणून न जेवता घरी गेली.

अप्पा परतले तेव्हा मी त्यांना विचारलं, कुणाचं नाव न घेता. समजा मालकाने कुणाला काही सोडून दिलं, मागायचं नाही असं ठरवलं, तर ते कुठे लिहायचं? अप्पांनी चोपडी उलटून एक पान दाखवलं. वर लिहिलं होतं, कसर-वटाव. सोडून दिलेलं, तुटलेलं, माफ केलेलं असं सगळं तिथे नावे पडतं, ते म्हणाले, आणि सालअखेर मालकाच्या नफ्यातून जातं. "सोडून दिलेल्याला बी खातं लागतं. ते नसलं तर सोडलेलं दुसऱ्याच कुनाच्या तरी डोक्यावर बसतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कावून इचारतोस?" मी सहज म्हणालो.

म्हणजे मला कळलं होतं. दसऱ्याला अजून बरेच दिवस होते. एक ओळ खोडायची, एक लिहायची, आणि भानुदासची उचल फिटली असती. वय कोवळं होतं, असं कुणी म्हणेल. मीही ते स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं. पण मी त्या दिवसांत रोज एक कारण नवं काढत होतो, आणि कारणं काढण्याइतकी अक्कल मला होती. आबांनी सगळ्यांदेखत शब्द दिलाय, तो खोटा पडेल. पुढच्या सालाच्या हिशेबात दुरुस्ती करून देऊ. भानुदासने बटाईचं रान सोडून दिल्याचं कळलं त्या दिवशी मी जेवलो नाही, आणि मायने पोट बिघडलं समजून मला ओवा दिला.

निघायच्या सकाळी मालट्रक देवळापुढे उभा होता. भांडी, पाचरटाच्या झोपड्यांचे बांबू, कोंबड्यांच्या पाट्या चढत होत्या. रुक्मीण आईला घेऊन आली होती. म्हातारी ट्रकच्या चाकाला हात लावून, चाचपून बघत होती. आबा मागच्या फाळक्याजवळ उभे राहून माणसं मोजत होते. मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. "आबा," मी म्हणालो. ते वळले. "काय रं?" त्यांच्या कपाळावर घाम होता. मी तोंड उघडलं.

"ह्या बाजूची दोरी सैल हाय," मी म्हणालो.

त्यांनी जाऊन ती दोरी पुन्हा आवळली. गाडी गेली.

सोजरला दोन वेळची भाकरी मायच पाठवायची, आणि नेऊन द्यायचं काम माझं. ज्वारीची भाकरी, कधी हुलग्याचं माडगं, कधी अंबाडीची भाजी. म्हातारी भाकरी हातात घेऊन आधी तिची कड चाचपायची, मग मला आशीर्वाद द्यायची. मुकादमाचं पोर असून आंधळीला जेवण आणून घालतंय, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मी ताटली रिकामी व्हायची वाट न बघता पळायचो. थंडी पडल्यावर तिला ताप भरला. मायने काढे दिले, धारूरहून डॉक्टरही आणला. एका सकाळी मी गेलो तर दार लोटलेलंच होतं आणि ती गेलेली होती, भिंतीकडे तोंड करून. निरोप ट्रकवाल्यांच्या हातून फडावर पोहोचला तोवर दहावा होऊन गेला होता. रुक्मीण आली, एक दिवस आईच्या रिकाम्या बाजेवर बसून राहिली, आणि परत गेली. फड थांबत नाही.

पुढच्या हिशेबाला भानुदास मान वर करून बोलला. हंगामभर त्याने आणि दगडूने बसून जुळवून पाहिलं होतं. दगडूची उचल त्याच्याइतकीच, उलट दगडूचे मधे खाडे झालेले, तरी दगडू गेल्या साली फिटला आणि हा कसा नाही? अंगणात कुजबुज झाली. आबा चिडले नाहीत. खोटं काही नाही, या भरवशाने मला म्हणाले, गेल्या सालचं भान्याचं खातं काढ आणि ओळ न ओळ वाच.

मी वाचत गेलो. त्या ओळीपाशी आलो. ती वगळून पुढे जाता आलं असतं, पण भानुदास माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याला वाचता येत नव्हतं, तरी बोटाने ओळी मोजत होता. मी खाडा म्हणालो. कुठल्या महिन्यातला तेही वाचावं लागलं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्या एका नजरेत त्यांना आदल्या सालचं सगळं कळलं, माझं 'सोडलेत' सुद्धा. मी खाली बघत होतो. सांगायला मला तेवढा वेळ होता. आबांनी तो मला दिला. मग ते म्हणाले, "म्याच सांगितलं व्हतं तसं लिवायला."

आबांनी कमरेचा बटवा सोडून कापलेले पैसे पुढे ठेवले. रुक्मीण चौकटीतून पुढे आली. आबांना ती लहानपणापासून मामा म्हणायची. त्या दिवशी मुकादम म्हणाली. "मुकादम, बाळंतिनीचे दिस खाल्ले तुमी. माझी आई भिंतीकडं बघून मेली. तुमाला बी मरताना तोंडात पानी घालायला कुनी नसू दे." पैशांना तिने हात लावला नाही. भानुदासने उचलले.

त्या दिवशी आमटी तशीच राहिली. माणसं एकेक करून उठली. आबा हात-पाय धुऊन सोप्यात आले, मी कोपऱ्यात होतो. ते मारतील असं मला वाटलं होतं, मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मला इचारायचं व्हतं. माझ्या कमिशनातनं काप, म्हनलो असतो. एवढंच व्हतं." आणि हा विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही.

दोन-तीन सालांत आबांची टोळी विरली. बाळंतिणीचे दिवस खाणारा मुकादम हे नाव त्यांच्या पाठीस लागलं, आणि लग्नाकार्यात बायका त्यांच्यासमोर मुद्दाम बोलायच्या. मी एका पतपेढीत लागलो, हिशेबनीस म्हणून नाव कमावलं. माझी तेरीज कधी अडली नाही. आबा गेले तेव्हा मी जवळ होतो. त्यांनी तोंड उघडलं, मी पाणी घातलं. सांगायचं होतं ते तेव्हाही राहिलं. मागे एका लग्नात दगडू भेटला, पार म्हातारा झालेला. म्हणाला, तुझा बाप देवमाणूस होता रं, फक्त तेवढं एक वाईट वागला. मी म्हणालो, हो. घरी आल्यावर त्या 'हो'ने मला झोपू दिलं नाही, आणि हे लिहायचं ठरलं.

पण छापण्याआधी एका माणसाला सांगायला हवं होतं. रुक्मीण आता शिरूर कासारला मुलाकडे असते. फडावर जन्मलेला तो हाच मुलगा; त्याचं तिथे खताचं दुकान आहे. ती ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मला तिने आवाजावरून ओळखलं. मी सगळं सांगितलं, मधे न थांबता. आबांनी विचारलं होतं, मी खोटं बोललो, आणि आबांनी ते स्वतःवर घेतलं. ती ऐकताना लसूण सोलत राहिली, मग थांबली. मला वाटलं शिव्या देईल. त्यांची मी तयारी करून गेलो होतो.

"मामाला म्या मरतानाच्या पान्यावरनं बोलले व्हते," ती म्हणाली. "समद्यांच्या म्होरं."

मी म्हणालो, मला माहीत आहे.

"त्येंनी कायबी न करता ऐकून घेतलं." ती माझ्याकडे बघत होती, पण मला विचारत होती असं नाही. "मंग ते बोलनं म्या आता कुठं न्हेऊ?"

तिने पदराने डोळे पुसले. सुनेने चहा आणला, तो आम्ही दोघांनी घेतला. निघताना मी वाकून तिच्या पायाला हात लावला, आणि तिने पाय मागे घेतले.